ऐकण्याआधी वाचायची पुस्तकं

सोमवार, ३ मार्च

वाचनालयाच्या दारावर टिल्लूचा फोटो लागला आहे. मासिकं परत करायला गेले आणि दार ढकलताना हात थेट तिच्या नाकावर पडला. 'नवसंगीताची संध्याकाळ. एकल पियानो. रचना आणि वादन', आणि पुढे तिचं नाव. २९ मार्च, नगर सभागृह, संध्याकाळी सात. म्हणजे पोटच्या मुलीचा आमच्याच गावात कार्यक्रम आहे आणि मला तो दारावरून कळतो.

घरी आले तेव्हा हे शब्दकोडं सोडवत होते.

"अहो, टिल्लूचा कार्यक्रम आहे. माहीत होतं?"

"हो," हे म्हणाले. मान वर केली नाही.

"मग मला?"

"तुला ती बोलावेल तेव्हा सांगू म्हटलं. मागच्या वेळचं आठवतंय ना, मेट्रनबाई?"

मागच्या वेळचं मला चांगलं आठवतंय आणि त्याची मला लाज वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी एक बासरीवाला मुलगा मंचावर उभा होता. पहिली पाच मिनिटं त्याने बासरीतून एकही सूर काढला नाही, नुसत्या धापा टाकल्या. मग घरघर सुरू झाली, मग खांदे वर, मान खाली. मी पस्तीस वर्षं रुग्णालयात काढली, शेवटची अकरा मेट्रन म्हणून. दम्याचा झटका कसा दिसतो हे मला कार्यक्रमपत्रिकेत वाचावं लागत नाही. सभागृहातली माणसं हाताची घडी घालून एक मुलगा गुदमरताना बघत होती. मी उठले, मंचावर गेले, त्याला खुर्चीत बसवलं आणि गळ्याचं बटण सोडलं. तो ठणठणीत निघाला. "मॅडम, हे लिहिलेलं आहे," असं म्हणून त्याने कागद दाखवला. त्यावर खरोखर धापा लिहिलेल्या होत्या, कुठे लहान, कुठे मोठ्या. लिहिणारी टिल्लू.

नंतर ती माझ्याशी एकच वाक्य बोलली. "आई, पुढच्या वेळी आधी वाचून ये, नाहीतर येऊ नकोस." मग पुढची वेळ आलीच नाही. रविवारी फोन येतो तो बाबांना. 'आई कशी आहे' हेही ह्यांच्यामार्फत विचारलं जातं, मी समोर बसलेली असताना.

वाचून ये म्हणाली ना? वाचून जाते.

मंगळवार, ४ मार्च

ग्रंथपालांना म्हटलं, नवसंगीतावरची पुस्तकं हवीत. ग्रंथपाल कायम कुजबुजतात, वाचनालयात दुसरं कुणी नसलं तरी.

"आपल्याला हवीत?"

"का? मला वाचता येत नाही असं वाटतं का?"

ते आत गेले आणि एक छापील पान घेऊन आले. 'ऐकण्याआधी वाचायची पुस्तकं: आजच्या आणि प्रायोगिक संगीताची ओळख.' पाच पुस्तकं, प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी. कार्यक्रमाच्या निमित्ताने एका जाणकारांकडून मुद्दाम करून घेतलं आहे म्हणे.

"जाणकारांना नाव नाही का?"

"त्यांची इच्छा नाही," ग्रंथपाल कुजबुजले आणि उगाच पुस्तकांवरची धूळ झटकू लागले.

मलाही माझं नाव त्या पानाखाली घालावंसं वाटलं नसतं. पहिलं पुस्तक संगीतकारांच्या मुलाखतींचं. त्याखाली लिहिलंय: 'ज्यांना प्रश्न विचारण्याआधीच उत्तर माहीत असतं, त्यांनी सावकाश वाचावं.' दुसरं गेल्या शंभर वर्षांचा इतिहास: 'जाड आहे. मधली प्रकरणं गाळली तरी चालेल, पण तुम्ही गाळणार नाही.' तिसरं ऐकण्याच्या धड्यांचं: 'घरातल्या माणसांनी अवश्य करावेत.' चौथं वाद्यांशी केलेल्या खोड्यांचं. पाचवं वाद्यांचे सूर कसे लावतात याचं, आणि त्याखाली: 'हे आधी वाचा. कृपया क्रमाने जाऊ नका.'

क्रमाने जायचं नव्हतं तर क्रमांक कशाला दिले? वॉर्डात अशी माणसं मी एका आठवड्यात सरळ केली असती. मी क्रमानेच जाणार.

शनिवार, ८ मार्च

मुलाखती संपल्या. एका गृहस्थांनी चार शिवणयंत्रांसाठी रचना केली आहे. दुसरे म्हणतात, त्यांची रचना ऐकताना श्रोत्याला झोप लागली तर तो त्यांना सन्मान वाटतो. असा सन्मान आमच्या महाविद्यालयात इतिहासाच्या प्राध्यापकांना रोज मिळायचा, त्यांना त्याची किंमत नव्हती. तिसऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणतात, शांतता नावाची वस्तूच नसते, आपण ऐकायचं थांबवलं की तिला शांतता म्हणतो.

हे मला सहन झालं नाही. चिठ्ठी लिहून ग्रंथपालांकडे दिली, जाणकारांना पोचवा म्हटलं. 'शांतता नसतेच तर मी पस्तीस वर्षं "शांतता राखा" ही पाटी कशासाठी पुसत होते, हे कळवावं.'

ग्रंथपालांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, थर्मामीटर घ्यावा तशी.

बुधवार, १२ मार्च

उत्तर आलं. टाइप केलेलं. 'पाटी लावल्यावर सगळे गप्प झाले, की तुम्हाला काय ऐकू यायचं? लिहून पाठवा.'

प्रश्नाला उलट प्रश्न. हे लोक मुलाखतीतही असंच करतात. तरी उत्तर द्यायचं म्हणून बसले. लिहिलं ते असं:

'दुपारी दोन ते चार विश्रांतीची वेळ. नातेवाईक गेले की सर्वांत आधी नळ ऐकू यायचा. मग जेवणाच्या ट्रॉलीचं एक चाक. त्याला कितीही तेल घाला, ते ओरडायचंच. माणूस कुशीवर वळला की आधी खाट बोलते आणि मग माणूस. खिडकीजवळच्या एक बाई झोपेत आकडे मोजायच्या, काय मोजतात ते कधी कळलं नाही, कधीकधी मध्येच चुकायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायच्या. मजल्यावर लिफ्ट थांबली की सगळा वॉर्ड श्वास धरायचा, कारण ती कुणाला तरी न्यायला आलेली असू शकते. ती वर निघून गेली की सगळ्या खाटांचा श्वास एकदम सुटायचा. तो आवाज मला आवडायचा. तो मी कुणाला सांगितला नव्हता, कारण मेट्रनने असलं काही बोलायचं नसतं.'

दीड पान झालं. वाचून पाहिलं तर एकही टोमणा नाही. तसंच दिलं. पुन्हा लिहायला वेळ नव्हता.

शुक्रवार, १४ मार्च

जाणकारांचं उत्तर: 'आणखी लिहा.' एवढंच. फुकट लेखनिक सापडली आहे.

संध्याकाळी हे म्हणाले, "मग लिही की आणखी."

मी ह्यांना चिठ्ठ्यांबद्दल काही सांगितलं नव्हतं. हे आणि ग्रंथपाल सकाळी एकत्र फिरायला जातात. पुरुष कुजबुजू लागले की समजावं, चहाड्या चालल्या आहेत. मी नाही लिहिणार.

(दोन पानं लिहिली. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकाबद्दल.)

सोमवार, १७ मार्च

इतिहास अजून चालू आहे. मधलं एकही प्रकरण मी गाळलेलं नाही. प्रत्येक प्रकरणात कुणीतरी आधीच्यांना जुनाट ठरवतो आणि पुढच्या प्रकरणात स्वतः जुनाट ठरतो. एवढ्यासाठी सहाशे पानं. घरात सासू आणि दोन सुना असलेल्या आमच्या शेजारणीने हेच मला कुंपणावरून दहा मिनिटांत सांगितलं असतं.

मधून मधून तिसऱ्या पुस्तकातले धडेही करते आहे. हा क्रमभंग नाही. ती कृती आहे, वाचन नाही. धडा असा: एका जागी बसा, ऐकू येईल ते लिहा, मत देऊ नका.

मत देऊ नका हे कठीण आहे. 'ह्यांचं नाक वाजतं' ही नोंद झाली की मत? ह्यांना विचारलं तर म्हणाले मत आहे. मी खोडलं नाही. फ्रिज. शेजारच्यांचं दार, दोनदा, पहिल्यांदा लागत नाही म्हणून. पंखा. ह्यांचं नाक.

मग जरा कमी आवाज असेल म्हणून टिल्लूच्या खोलीत जाऊन बसले. दहा मिनिटं पेन्सिल हातात धरून बसले. तिथे काहीच ऐकू आलं नाही. 'काही नाही' असं लिहिलं. खाली पुन्हा 'काही नाही'.

हा धडा मी परत करणार नाही.

रविवार, २३ मार्च

टिल्लूचा फोन. हे दहा मिनिटं "हो, हो, अगं हो" करत होते. ठेवल्यावर म्हणाले, "तिकिटं पाठवते म्हणाली. दोन."

"दोन? दुसरं कुणाचं?"

"माझं आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं. कुणाचं असणार?"

"तिने काय म्हटलं ते शब्दशः सांगा."

"म्हणाली, दोन पाठवते, दुसऱ्याचं काय करायचं ते तुम्ही बघा."

याला आमंत्रण म्हणायचं का, यावर आमचं जेवण निवलं. हे म्हणतात, आमंत्रणच आहे, तुमच्या घराण्यात यापेक्षा सरळ कुणी बोलल्याचं मला तरी आठवत नाही. मी म्हटलं, माझं घराणं मध्ये आणू नका.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी पुन्हा मंचावर जाणार नाही अशी हमी मला स्वतःलाच देता येत नाही. कुणी गुदमरताना दिसलं तर मी उठणार, लिहिलेलं असो वा नसो. म्हणजे चूक पुन्हा होऊ शकते. आणि या वेळी झाली तर टिल्लू पुढच्या वेळी ह्यांना एकच तिकीट पाठवेल. म्हणून वाचायचं. वाचल्यावर निदान कोणतं गुदमरणं लिहिलेलं आहे ते कळेल.

मंगळवार, २५ मार्च

चौथं पुस्तक. पहिल्यांदा काहीतरी समजलं. काही संगीतकार पियानोचं झाकण उघडून तारांमध्ये स्क्रू, रबर, कागद, कापड असं काय काय अडकवतात. तार वाजते ती मग घंटेसारखी, ढोलासारखी किंवा गादीवर ठोसा मारल्यासारखी. कुठे काय अडकवायचं याची मापं ठरलेली असतात. लावायला काही वेळा अर्धा दिवस जातो. आणि मग ठळक अक्षरात: एकदा अडकवलेली वस्तू कुणी हलवली की ती रचना संपली.

हे मला कुणी समजावून सांगायला नको. सर्जनने घातलेली पट्टी दुसऱ्याने सोडायची नाही, हा माझ्या वॉर्डातला पहिला नियम. कापूस सुटलेला दिसला, घाण दिसली, रुग्ण ओरडला, तरी आधी विचारायचं. एका शिकाऊ परिचारिकेला मी यावरून रडवलं आहे.

पुस्तक परत केलं. ग्रंथपाल म्हणाले, "पाचवं अजून नेलं नाहीत?"

"चौथं आज संपलं. पाचवं आता कार्यक्रमानंतर."

"ते आधी वाचा असं लिहिलं होतं," ते कुजबुजले.

"लिहायला काय जातं?"

शनिवार, २९ मार्च, दुपारी, नगर सभागृहातून

वही बरोबर आणली हे बरं झालं. हे झाल्या झाल्या लिहून ठेवायला हवं.

खुर्च्या कशा आहेत, बाहेर जायचा रस्ता कुठे आहे, हे आधी पाहून ठेवावं म्हणून जेवून लगेच आले. पहारेकऱ्याला म्हटलं, वादिकेची आई. त्याने सोडलं. सभागृह रिकामं, मंचावर पियानो, झाकण उघडं. जवळ गेले आणि पाहते तर तारांमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची पट्टी, वेटोळी घालत, प्रत्येक दोन तारांत दाबून बसवलेली. बाजूला रबराच्या दोन पाचरी. चौथ्या पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं. टिल्लूने केवढं काम करून ठेवलं आहे. मला एकदम तिची वेणी आठवली, स्वतःची स्वतः घालायला लागली तेव्हा अशीच घट्ट घालायची.

इतक्यात एक गृहस्थ दात कोरत आले. कोटाच्या खिशावर नावाची पट्टी, तिच्याखाली 'पियानोतज्ज्ञ व सूरशिल्पी'. सरळ पियानोशी गेले आणि पट्टीचं टोक धरून ओढायला लागले.

"हात बाजूला," मी म्हटलं.

"काय?"

"ती पट्टी काढायची नाही."

"बाई, ती पट्टी माझी आहे. मीच घातली आहे."

"घातलीत ना? कुणाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्या मुलीच्या. म्हणजे त्यांनी मापं दिली, त्याप्रमाणे..."

"मग काढायलाही तिनेच सांगायला हवं. सांगितलं आहे का? लेखी?"

"लेखी कशाला? ती काढायचीच असते."

"कार्यक्रम झाल्यावर."

त्यांनी दातकोरणं खिशात घातलं. मग म्हणाले, "तेवीस वर्षं मी हे काम करतोय. मोठेमोठे वादक मला विचारल्याशिवाय झाकण उघडत नाहीत. आता तुम्ही मला शिकवणार?"

"शिकवते आहे असं समजा."

"मग पियानोही तुम्हीच लावा," असं म्हणून त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि गेले. पट्टी राहिली. पाचरीही राहिल्या. मी पहारेकऱ्याला सांगून दाराला आतून कडी घातली आणि आता पियानोच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले आहे. कुणी येऊन हात लावील अशी भीती नाही.

शेवटी वाचनाचा उपयोग होतो. जाणकारांना तसं कळवायला हवं.

रविवार, ३० मार्च

जाणकारांना काहीही कळवायचं नाही.

काल टिल्लू पाचच्या सुमारास आली. दार ठोठावलं, मी उघडलं. बारीक झाली आहे. तिला तसं म्हटलं नाही, इथे लिहिते.

"आई? तू इथे काय करतेस?"

"राखण."

"पियानोवाले काका कुठे आहेत?"

"घालवले. पट्टी काढायला निघाले होते."

तिने पिशवी खाली ठेवली, मंचावर जाऊन बाकावर बसली आणि पियानोची एक कळ दाबली, काळी. उशीखालून कुणी बोलावं तसा आवाज आला. शेजारची दाबली. तसाच. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आई, एका सुराला तीन तारा असतात. हे फेल्ट घालून बाजूच्या दोन गप्प करतात आणि मधली सुरात लावतात. मग फेल्ट काढून बाजूच्या दोघी तिच्याशी जुळवायच्या. काका निम्म्यावर होते. मध्येच जेवायला गेले असतील. अर्धा पियानो लावलेलाच नाहीये."

"चौथ्या पुस्तकात तर..."

"चौथ्यातलं वेगळं. हे पाचव्यात आहे. पाचवं आधी वाच म्हणून इतकं स्पष्ट..." ती थांबली. मग म्हणाली, "म्हणजे त्या यादीत तसं लिहिलंय ना."

"तू पाहिलीस ती यादी?"

"पाहिली."

तिनेही ती यादी पाहिली आहे, म्हणजे यादी अगदीच टाकाऊ नसावी. पण हा विचार मी नंतर केला. त्या क्षणी मी घड्याळ पाहिलं. सव्वापाच झाले होते.

"दुसरा कुणी बोलावू," मी म्हटलं.

"दुसऱ्याला नाही जमणार. हा नेहमीचा सूर नाहीये. माझी मापं आहेत, त्यांनी आठवडाभर बसून समजून घेतलीत. आणि त्यांचा फोन बंद आहे." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "तू दर वेळी का येतेस मध्ये, आई? दर वेळी कुणाला तरी वाचवायलाच का येतेस?"

मी पहारेकऱ्याला विचारलं, सूरशिल्पी कुठे गेले असतील. तो म्हणाला, शनिवारी संध्याकाळी ते स्टेशनसमोरच्या हॉटेलातला पियानो लावतात.

मी गेले. ते लॉबीत होते, पियानोखाली अर्धे शिरलेले. मला पाहून पूर्ण शिरले.

"अहो, चूक झाली. चला," मी म्हटलं.

"कुणाची चूक झाली?" आतून आवाज आला.

"माझी."

"नीट ऐकू आलं नाही. इथे गर्दी आहे."

"माझी चूक झाली. तुमचं काम मला कळलं नाही. मी माफी मागते."

लॉबीतली दोन-चार माणसं आणि काउंटरवरची मुलगी पाहत होती. सूरशिल्पी बाहेर आले, गुडघे झटकले. "आता काउंटरपाशी त्या मुलीलाही सांगा. मघाशी मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं होतं, तिचा विश्वास बसला नव्हता."

सांगितलं. मुलगी म्हणाली, "ठीक आहे, मावशी." टॅक्सीत ते पुढे बसले आणि शीळ घालत राहिले. शीळ सुरात होती, हे मान्य करावं लागतं.

सभागृहाबाहेर लोक जमायला लागले होते. हे त्यांच्यात उभे राहून कुणाला तरी शब्दकोड्यातला शब्द विचारत होते. टिल्लूने सगळ्यांना बाहेरच थांबवलं. आत सूरशिल्पी, ती आणि मी. "कुणीही बोलायचं नाही," सूरशिल्पी माझ्याकडे बघून म्हणाले, "श्वासही जरा बेतानं." पट्टी निघाली. मी तिसऱ्या रांगेत बसले, टिल्लू मधली एक खुर्ची सोडून.

त्यांनी मधली तार आणि बाजूची तार मिळून वाजवली. सूर एक होता, पण त्यात काहीतरी धडधडत होतं. चावीने तार जरा ओढली तशी धडधड हळू झाली. माझी बोटं आपोआप मनगटावर गेली. पस्तीस वर्षांची सवय, कुठे ठोका लागला की मोजायचा. ठोका आणखी हळू झाला. मग दोन ठोक्यांत इतकं अंतर पडायला लागलं की मी खुर्चीत पुढे सरकले. असे ठोके मला माहीत आहेत. अशा वेळी मी धावत असे. मग एक ठोका आला, आणि त्याच्या पुढचा आलाच नाही. सूर सरळ उभा राहिला, हललाच नाही.

"झालं," सूरशिल्पी म्हणाले आणि पुढच्या तारेकडे वळले.

इथे ठोका थांबला की झालं. मरण नाही, झालं. हे पाचव्या पुस्तकात असेल तर लेखकाने ते मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

मग मी प्रत्येक तार तशीच ऐकली. बाहेर लोक कुरकुरत होते. केव्हातरी टिल्लू मधल्या खुर्चीत सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "ट्रॉलीचं कोणतं चाक ओरडायचं, पुढचं की मागचं?"

"मागचं. डावं."

सूरशिल्पींनी मान वळवली तशा दोघी गप्प झालो. तिला ट्रॉलीचं कुणी सांगितलं? ह्यांनीच. ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला. हे माझ्या डाव्या बाजूला बसले आणि पहिली पाच मिनिटं माझ्या दंडावर हात ठेवून होते, मी उठू नये म्हणून. मी उठणार नव्हते. टिल्लू एक सूर लावायची, त्यावर दुसरा ठेवायची, आणि दोघे धडधडायला लागायचे. मग ती तिसरा असा आणायची की सगळं स्थिर व्हायचं. चाल नव्हती. ताल होता तो फक्त त्या धडधडीचा. सुंदर होतं का? मला ठाऊक नाही. मी मनगट धरून होते, मला तेवढा वेळ नव्हता. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांना झोप लागली. मी मागे वळून त्यांना उठवलं नाही.

लोक गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ह्यांना म्हणाली, "बाबा, जरा बाहेर थांबा." हे कधी नव्हे ते लगेच गेले.

"बोल," ती म्हणाली. "काय ते बोलून टाक."

"तिसऱ्या भागात, अगदी शेवटी, डाव्या हाताचा एक सूर एकटाच राहतो."

"मग?"

"तो स्थिर व्हायला हवा होता. झाला नाही. ठोका होता. फार हळू, पण होता."

ती पियानोकडे वळून पाहू लागली. मला वाटलं, पुन्हा झालं. पुन्हा मी मंचावर गेले.

"ती तार राहिली," ती म्हणाली. "काका म्हणाले, वेळ संपला, एक तार कच्ची जाईल, पण कुणाला कळणार नाही. मलासुद्धा वाजवताना नीट ऐकू आली नाही."

"मला आली."

"एवढ्या माणसांत फक्त तुला."

"बाकीच्यांनी पुस्तकं वाचली नसतील."

"हे कुठल्याच पुस्तकात नाहीये, आई."

"आणि ती माझ्यामुळे राहिली."

"तुझ्यामुळेच राहिली," ती म्हणाली आणि हसायला लागली. आधी उभी राहून, मग मंचाच्या पायरीवर बसून. मीही शेजारी बसले. पायरीवर बसायची मला सवय नाही, गुडघे दुखतात. बराच वेळ बसलो. मग पहारेकऱ्याने दिवे घालवायला सुरुवात केली.

मंगळवार, १ एप्रिल

फोन वाजला, मी उचलला. टिल्लू. "थांब, ह्यांना देते."

"बाबा नकोत. तुझ्याशी बोलायचंय."

मी खुर्ची ओढून बसले. हे शब्दकोड्यात डोकं घालून बसले, पेन्सिल मात्र हलत नव्हती.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी हाच कार्यक्रम आहे. सूरशिल्पी बरोबर जाणार होते. आता त्यांनी निरोप पाठवला आहे की त्या बाई येणार असतील तर मी येणार नाही.

"मग?"

"मी सांगितलं, मग मी दुसरं कुणीतरी शोधते."

"वेडी आहेस का?" मी म्हटलं. "माणूस आगाऊ आहे, पण तारा चांगल्या लावतो. दुसऱ्याला शिकवायला तुला आठवडा जाईल. त्याला सांग, मी शेवटच्या रांगेत बसेन, त्याला दिसणारसुद्धा नाही."



"शेवटच्या रांगेतून ते ठोके ऐकू येत नाहीत, आई," ती म्हणाली. "तू पुढेच बस. काकांचं मी बघते."

फोन ठेवला.

"काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं.

"पुढे बसायला सांगितलंय," मी म्हटलं.